बसलेल्या गळ्याचा रियाज

माझा आवाज कशानं गेला, हे बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांना माहीत आहे. लग्नात, मुंजीत, कुणाच्या बारशाला मी भेटलो की लोक आधी माझं फाटकं बोलणं ऐकतात आणि मग चुकचुकतात. "काय आवाज होता रे तुझा! त्या इंग्लिश आरड्याओरड्यात घालवलास." मी हसल्यासारखं करतो आणि ताटाकडे वळतो. त्यांना जे माहीत आहे ते खोटं आहे. पण ते खोटं पहिल्यांदा मीच बोललो, त्यामुळे कुणावर भडकायची सोय नाही. तरी मी भडकतो, आणि घरी येऊन बायकोवर काढतो. ती बिचारी माझा आवाज गेल्यावर भेटली, तिला यातलं काय कळणार.

आम्ही घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या एका दाट गल्लीत राहायचो. खाली बांगड्यांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या आणि त्यावर उघडी अगाशी. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्यामागे घरात एक गंजकी तलवार आणि पुष्कळसा ताठा एवढंच उरलं होतं. तलवार एका काकांनी नेली. ताठा बाबांच्या वाट्याला आला, आणि त्यांनी तो गाण्यात वापरला. बाबा शाळेत संगीत शिकवायचे आणि घरी सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घ्यायचे. त्यांचे गुरू जुन्या दरबारी वळणाचे. त्यांच्या घरी पाणी भरून, बाजारहाट करून बाबा शिकले होते, आणि गुरूंनी सांगितलेला शब्द न् शब्द त्यांच्यासाठी शेवटचा होता. मैफलीत बाबांचं नाव झालं नाही. शिक्षक म्हणून मात्र पोळापोळांत झालं. गुजराती बायका आपल्या मुलींना हाताला धरून आणायच्या आणि "मास्तर, आने जरा सूर आपो ने" म्हणायच्या. बाबा सगळ्यांना सूर द्यायचे.

मला दिला नाही. लहानपणी काही दिवस त्यांनी मला समोर बसवलं आणि मग बंद केलं. आईला म्हणाले, "याचा आवाज मोठा आहे, पण याला धीर नाही. हा सुरावर बसतच नाही." आईनं एकदोनदा रदबदली करून पाहिली. बाबा म्हणाले, "माझा मुलगा म्हणून शिकवू? गुरुजींनी स्वतःच्या मुलाला उठवलं होतं तानपुऱ्यावरून." झालं. गुरुजींचं नाव आलं की आमच्या घरात चर्चा संपायची. त्यानंतर मी आतल्या खोलीत गणितं सोडवत बसायचो आणि बाहेरच्या खोलीत परक्यांच्या पोरी माझ्या बापाकडून यमन शिकायच्या. मला त्यांचा इतका राग यायचा की मी पेन्सिलीची टोकं मोडायचो. सगळी गाणी मला पाठ झाली होती, कुणी विचारत नव्हतं इतकंच.

माझा आवाज मोठा होता, हे मात्र पोळाला पक्कं ठाऊक होतं. गणपतीत आरतीला मंडळवाले मलाच पुढे उभं करायचे. लाउडस्पीकर बिघडला तर त्यांचं काही अडत नसे. मी तोंड उघडलं की पलीकडच्या टोकाचा कापडवालाही टाळ्या वाजवायला लागायचा. बाबा आरतीला मागे उभे राहायचे आणि संपल्यावर मला काही न बोलता घरी जायचे.

मग केबल आली. त्या वर्षांत सगळंच एकदम आलं. पोळातल्या तारांच्या जंजाळात आणखी एक काळी तार आली आणि समोरच्या घरातल्या टीव्हीत केस वाढवलेले गोरे लोक गिटारी घेऊन नाचायला लागले. मी कॉलेजात जात होतो. त्यातल्या एकानं मान मागे टाकून अशी किंचाळी मारली की समोरच्या काकूंनी घाईघाईनं चॅनल बदललं. मी मात्र जागचा हललो नाही. इतका मोठा आवाज काढला तर माणसाला हाकलून देत नाहीत, उलट हजारो लोक त्याच्याबरोबर ओरडतात, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. अलकापुरीत एक कॅसेटवाला होता. कोरी कॅसेट दिली की तो परदेशातून आलेल्या तबकड्यांवरून हवं ते भरून द्यायचा. त्याच्या दुकानात मी माझं कॉलेज काढलं. कुठल्या गायकाची किंचाळी पोटातून येते आणि कुणाची नुसती नाकातून, हे मला ऐकताक्षणी कळायला लागलं. कळणारच. आतल्या खोलीत इतकी वर्षं काय उगाच बसलो होतो?

त्याच दुकानात मला आमचा ड्रमर भेटला. तो शहराबाहेरच्या बाजव्याचा, गुजराती. वडील रिफायनरीत. त्याच्या मामाचं तिथं रेल्वेलाइनच्या कडेला एक बंद गोडाऊन होतं. गिटारवाला आणि बेसवाला त्यानंच जमवले आणि आम्ही चौघं तिथं सरावाला जायला लागलो. जगातले मेटल वाजवणारे रॉकवाले नरकाबद्दल गातात. आम्हाला कल्पना करावी लागत नव्हती. गोडाऊनच्या दारात उभं राहिलं की समोर रिफायनरीच्या चिमणीच्या टोकावर ज्वाळा दिवसरात्र जळताना दिसायची, हवेला सडक्या अंड्यांचा वास, आणि मालगाडी गेली की पत्रा थरथरायचा. आमच्या आवाजाची तक्रार करायला कुणी आलं नाही, कारण आमच्यापेक्षा मोठा आवाज तिथं आधीच होता. आम्ही त्या ज्वाळेवर एक गाणं केलं. इंग्रजी यथातथाच, पण शेवटी एक लांब किंचाळी होती आणि ती माझी होती. ड्रमर म्हणायचा, "भाऊ, तू चीस पाडे ने, तो साला पतरां हाले छे!" घरी आल्यावर आई माझा शर्ट नाकाशी धरायची आणि म्हणायची, "स्टोव्ह पुसून आलास काय?"

कॉलेजांच्या समारंभांत आम्हाला बोलावणी यायला लागली. आमच्याआधी वेशभूषा स्पर्धा आणि आमच्यानंतर गरबा, असा आमचा मान. समोरची अर्धी पोरं कान दाबून बसायची आणि उरलेली ओरडायची, "अल्या, कंईक गरबो गा ने!" पण पुढच्या दोन रांगांत केस वाढवलेली, काळे शर्ट घातलेली पोरं जमायला लागली होती, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत असायची. अहमदाबादहून, सुरतेहून बोलावणी आली. एका मासिकात आमच्यावर चार ओळी आल्या. आणि मग मुंबईतल्या एका मोठ्या रॉक स्पर्धेत आमची निवड झाली. दिवाळीच्या आधी स्पर्धा. जो बँड जिंकेल त्याची कॅसेट निघणार होती, सबंध देशात विकली जाणारी. आम्ही गोडाऊनमध्ये एकमेकांना मिठ्या मारून रडलो. मला वाटलं, आता माझं आयुष्य सुरू होणार.

अडचण एकच होती. मध्ये नवरात्र होतं.

बडोद्यातला वादक वर्षभर काहीही वाजवू दे, नवरात्रात तो गरबाच वाजवतो. आमचा ड्रमर दरवर्षी एका मोठ्या मैदानावरच्या गरब्यात बसायचा, गिटारवाला दुसऱ्या गरब्यात, आणि मला माझ्या आवाजामुळे ड्रमरच्या गरबावाल्यांनी कधीचंच ओढलं होतं. नाही म्हणायची पद्धत नाही. एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही, आणि शहरात तोंड दाखवायची चोरी. मीही गायलो. गरब्यात मध्ये थांबणं नसतं. एका गाण्याचं शेपूट पकडून दुसरं गाणं सुरू होतं, ताल चढत जातो आणि हजारो माणसं गोल फिरत असतात. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तर सगळं मैदान अडखळेल. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दसऱ्याला मी घरी आलो तेव्हा माझा आवाज पुरता बसला होता. "आई, चहा" म्हटलं तर कुणीतरी पोतं ओढल्यासारखा आवाज आला.

आमचे पोळातले डॉक्टर जुने. त्यांनी घशात टॉर्च मारून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पंदर दिवस बोलवानुं बंध. गावानुं तो नाम ज नहीं लेवानुं." मी रडकुंडीला आलो. पंधरवड्यावर तर स्पर्धा होती. तशातही ते ऐकायचं मी ठरवलं होतं. स्पर्धेच्या दिवशीच तोंड उघडायचं, तोवर पाटीवर लिहून काम चालवायचं, असं मी आईला खुणांनी सांगत होतो.

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "डॉक्टरला गळा कळतो. आवाज नाही कळत." मग उठले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सा लाव."

मी लावला. माझ्या नेहमीच्या सा पासून तो किती तरी खाली होता. "आणखी खाली जा," बाबा म्हणाले. मी गेलो. जिथं माझा आवाज एरवी विरून जायचा तिथं तो त्या दिवशी जाड, घुमणारा, भरल्या पिंपावर थाप मारल्यासारखा लागला. बाबांनी डोळे मिटले. त्यांनी माझ्यासाठी डोळे मिटलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गुरुजींकडे असताना त्यांचाही गळा असाच बसला होता. गुरुजींनी त्यांना घरी पाठवलं नाही, उलट पहाटे उठवून खर्ज लावायला बसवलं. खर्ज म्हणजे अगदी खालचा सा. एरवी तो वर्षानुवर्षं मेहनत करून मिळतो. गळा बसलेला असला की आवाज आपोआप खाली उतरतो, तेव्हा तिथं जाऊन बसायचं आणि ती जागा आपली करून घ्यायची. मग त्याच बसलेल्या गळ्यानं वर जायचं. आवाज फाटेल, चिरेल, दुखेल. थांबायचं नाही. एका सकाळी आतून काहीतरी मोकळं होतं आणि मग तो आवाज कधी बसत नाही. "बसलेला गळा ही संधी असते," बाबा म्हणाले. "लोक मिठाच्या गुळण्या करून ती घालवतात."

आज मला ठाऊक आहे की तो आवाज खाली का गेला होता. स्वरयंत्राचे पडदे सुजले की जड होतात आणि जड झाले की खालचा सूर देतात. ती सूज होती. आम्ही दोघं तिला खर्ज समजून बसलो. असली चूक गाण्याच्या घरातच होऊ शकते. खालच्या बांगडीवाल्याचा मुलगा असतो तर गरम पाणी पिऊन झोपला असता आणि आज गात असता.

"तुमचं ते ओरडणं," बाबा म्हणाले, "ते ऐकव मला." मी माझ्या आवडत्या गोऱ्या गायकाची कॅसेट घालून त्यांच्या कानाला वॉकमन लावला. बाबा पाठ ताठ करून, मांडी घालून, मैफलीत बसावं तसे ऐकत बसले. आई दारात उभी राहून पदरात हसत होती. एक बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग कानावरचं काढून म्हणाले, "हा माणूस सुरात आहे रे. आणि याला खर्ज आहे." वॉकमन माझ्या हातात देत म्हणाले, "ओरडायचंच आहे ना तुला? मग पाया घालून ओरड. उद्या पहाटे बस माझ्यासमोर."

मी नाही कसं म्हणणार होतो? डॉक्टर काय म्हणाले ते मी विसरलो नव्हतो. पण मला बाहेरच्या खोलीत बोलावलं होतं. वीस-बावीस वर्षांचा घोडा झालो होतो तरी त्या रात्री मला लहान पोरासारखी झोप येईना.

रोज पहाटे बाबा मला उठवायचे. स्वतः तानपुरा जुळवायचे आणि माझ्या समोर बसायचे. आधी खर्ज, मग हळूहळू वर. वर गेलं की काचा गिळल्यासारखं व्हायचं. आवाज दोन-तीन ठिकाणी फाटायचा आणि मधे मधे नुसताच गायब व्हायचा. बाबा हातानं 'चालू दे' करायचे. आई ज्येष्ठमधाचा काढा घेऊन यायची आणि उंबऱ्यात घुटमळायची. एकदा तिला राहवलं नाही. "अहो, किती चिरकतोय तो. डॉक्टर नको म्हणालेत ना?"

"चिरकू दे," बाबा म्हणाले. "मला नव्हतं चिरकलं? गुरुजींनी थांबवलं नाही मला."

हे सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं, पण ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. बाबा मला रागावायचे, मांडीवर ताल धरायचे, "हां, हा धर, सोडू नको" म्हणायचे. रियाज झाल्यावर आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या लारीवर, हातगाडीशी उभं राहून सेव-उसळ खायचो आणि ते मला गुरुजींच्या गोष्टी सांगायचे. तिखटानं घसा जळायचा. मला वाटायचं, जळू दे. लारीवाल्याला बाबा म्हणाले, "मारो छोकरो छे. मुंबई गावा जवानो छे." माझा मुलगा, मुंबईला गायला जाणार! त्या वाक्यासाठी मी घसाच काय, काहीही दिलं असतं. आणि दिलंच.

स्पर्धा मुंबईत एका कॉलेजच्या मैदानावर, भर दुपारी होती. आमचा नंबर आला. पहिल्या गाण्याची सुरुवात खालच्या सुरात होती, आणि तो सूर असा लागला की पुढच्या पोरांनी बोलणं थांबवून वर पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, बाबांचं खरं होतं, गळा उघडला. गिटारवाल्यानंही माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग ज्वाळेचं गाणं घेतलं आणि शेवटच्या किंचाळीसाठी मी श्वास भरला.

गळ्यात काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. दुखलंही फारसं नाही. तोंड उघडं होतं, पोट आत गेलेलं होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या आणि आवाज नव्हता. गिटारवाल्याला वाटलं माइक गेला. त्यानं साउंडवाल्याला खूण केली, साउंडवाल्यानं माझा माइक चढवला, आणि त्या प्रचंड स्पीकरांतून मैदानभर माझा नुसता श्वास ऐकू आला. भोकं पडलेल्या भात्यासारखा. लोकांना ती आमची काहीतरी करामत वाटली आणि ते टाळ्या वाजवायला लागले. मी तसाच उभा होतो.

परत आल्यावर अलकापुरीतल्या एका घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबा बरोबर आले. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं. पडद्याला चीर जाऊन आत रक्त साकळलं होतं आणि गाठी धरल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "अवाज बेसी गयो पछी पण गायुं हतुं?"

गळा बसल्यावरही गायलो का, हे ते विचारत होते. मला जेमतेम कुजबुजता येत होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, विद्यार्थ्याचे असतात तसे. मी म्हटलं, "हा. बँड साथे. रोज."

डॉक्टर संतापले. आजकालच्या पोरांना, त्या चॅनलांना, परदेशी थेरांना त्यांनी मनसोक्त झोडपलं. मी वाट बघत होतो. आता बाबा बोलतील, आता म्हणतील की साहेब, मीच बसवलं होतं याला. बाबा काही बोलले नाहीत. स्कूटरवर मागे बसून घरापर्यंत काही बोलले नाहीत. घरात शिरल्यावर चप्पल काढता काढता आईला म्हणाले, "त्या बँडनं घालवला आवाज. डॉक्टरच म्हणाले."

मी ते खोटं डॉक्टरच्या खोलीपुरतं दिलं होतं. बाबांनी ते घरी आणलं.

ऑपरेशन झालं. मुकाट बसून झालं. नंतर जो आवाज आला तो आजतागायत आहे, फुंकर आणि खरखर यांच्या मधला. फोनवर लोक 'कोण बोलतंय' म्हणून ठेवून देतात. बँडनं दुसरा गायक घेतला, तो टिकला नाही, बँडही टिकला नाही. ड्रमर परदेशी गेला, गिटारवाला कॉम्प्युटरमध्ये. जाण्याआधी ड्रमर घरी आला होता. त्याला सगळ्यांनी सांगितलंच होतं की बँडनं माझा गळा खाल्ला. तो माझ्यापुढे मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "सॉरी यार, अमारे तने रोकवो जोइतो हतो." बाबा बाहेरच्या खोलीत होते. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी त्याला चहा दिला. तो बिचारा ते ओझं घेऊन विमानात बसला.

मी साउंडवाल्यांकडे कामाला लागलो. लग्नं, भाषणं, गरबे. दुसऱ्यांचे आवाज मोठे करायचे हा माझा धंदा झाला. गायला आलेल्या पोरांना वाटायचं मला त्यातलं काही कळत नाही.

आणि बाबा? बाबांना माझी गोष्ट फार उपयोगी पडली. कुणी मुलगी सिनेमातलं काही गुणगुणली, कुणा मुलानं टीव्हीवरच्या गाण्याची चौकशी केली, की ते मला आतून हाक मारायचे. "जरा बाहेर ये रे. यांच्याशी बोल."

पहिल्यांदा मी भाबडेपणानं विचारलं, "काय बोलू?"

"झालं," बाबा त्या मुलांना म्हणाले. "ऐकलंत ना? आरडाओरडा केला की असं होतं." मग मला म्हणाले, "जा तू."

मी त्या दिवशी अगाशीवर जाऊन पाण्याच्या टाकीवर डोकं आपटलं. आई वर आली. तिनं माझं कपाळ पदरानं पुसलं आणि म्हणाली, "राहू दे. त्यांना नाही झेपायचं ते. तू सहन केलंस, ते त्यांना नाही जमणार." मला आईचाही राग आला. तिनं उंबऱ्यातून सगळं पाहिलं होतं. पण निदान ती होती. एका माणसाला माहीत होतं, एवढ्यावर मी पुढची वर्षं काढली.

बाबांना खरंच तसं वाटत असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. माणूस एखादी गोष्ट पुष्कळदा सांगतो तेव्हा ती त्याला खरी वाटायला लागते. तेवढं मानलं की मला झोप लागायची. मग एकदा मी आत वायरी गुंडाळत बसलो होतो आणि बाहेर एक मुलगी शिकवणीला आली. तिचा गळा बसला होता. तिनं सा लावला तो खालचा, जाड, घुमणारा लागला. मी कान टवकारले.

बाबांनी तानपुरा खाली ठेवला. "बेटा, आजे गावानुं नहीं," ते म्हणाले. "घरे जा. बोलती पण नहीं. गळुं पूरेपूरुं सारुं थाय पछी ज आवजे."

मग मी लक्ष ठेवायला लागलो. गळा बसलेल्या एकाही विद्यार्थ्याला ते गाऊ देत नव्हते. कुणी नुसतं खोकललं तरी घरी पाठवायचे. गुरुजींची ती संधी त्यांनी माझ्यानंतर एकालाही दिली नव्हती. म्हणजे त्यांना माहीत होतं. घशाच्या डॉक्टरांकडे गेलो त्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी ते मला हाका मारून बाहेर बोलावत होते.

त्यानंतर मला दुसरं काही नको झालं. आवाज परत नको, कॅसेट नको. बाबांनी एकदा, फक्त माझ्यापाशी, दार लावून म्हणावं की मी घालवला. बस. ते म्हणतील तेव्हा मी काय म्हणायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. मी म्हणणार होतो, जाऊ द्या बाबा. ते मला कधी म्हणायला मिळालं नाही. आई गेली आणि खरं काय ते माहीत असणारे आम्ही दोघंच उरलो, एका घरात, एका स्वयंपाकावर.

आई गेल्यावर बाबांचे कान गेले. आधी तार सप्तक गेलं, मग तानपुरा, मग माणसं. विद्यार्थी सुटले. मी त्यांना कानातलं यंत्र आणून दिलं. ते त्यांनी लावून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी कपाटात टाकलं. "यातून सगळं बेसूर ऐकू येतं," म्हणाले. माझी बायको खणखणीत बोलायची, तिचं त्यांना समजायचं. माझं एक अक्षर समजत नसे. मी जेवायला चला म्हणून खांद्याला हात लावायचो.

त्यांची तब्येत उतरायला लागली तेव्हा मी ठरवलं की ते म्हणत नाहीत तर आपण म्हणायचं. लिहून देता आलं असतं. पण कागदावरचं ते चष्मा लावून वाचणार, घडी घालणार आणि उशीखाली ठेवणार, हे मला दिसत होतं. मला ते त्यांच्या कानात घालायचं होतं आणि ऐकताना त्यांचा चेहरा बघायचा होता. बायको माहेरी गेली होती. दुपारची वेळ, बाबा कॉटवर टेकून बसले होते. मी शेजारी बसलो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, माझा आवाज बँडनं नाही गेला."

"काय?"

"तुमच्या रियाजानं गेला. तुम्हाला माहीत आहे."

बाबांनी कानामागे हात धरला. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. "काय म्हणतोस?"

मी पुन्हा म्हटलं. पोटातून जोर लावला, त्यांनीच शिकवला होता तसा. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडातून फुसफुस निघाली.

"ऐकू येत नाही रे," बाबा म्हणाले. मग माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "मोठ्यानं बोल. ओरड ना जरा."